मदत हवी आहे: एकच खडक, एका आलेखात टोनलाइट, दुसऱ्यात ग्रॅनोडायोराइट. नाव कोणतं द्यायचं?

नमस्कार मंडळी,

प्रबंधासाठी ग्रॅनाइटी खडकांचं वर्गीकरण करतोय आणि एका गटापाशी अडकलोय. थिन सेक्शनमध्ये (खडकाचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप) पॉइंट काउंटिंग (ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवरची खनिजं मोजणं) केलं तर साधारण असं येतं: क्वार्ट्झ २५%, प्लॅजिओक्लेज ५०%, पोटॅश फेल्डस्पार जेमतेम ४%, बायोटाइट १६%, बाकी हॉर्नब्लेंड आणि अपारदर्शक खनिजं. स्ट्रेकायझनच्या क्यूएपी त्रिकोणात (मोजलेलं क्वार्ट्झ, पोटॅश फेल्डस्पार आणि प्लॅजिओक्लेज यांच्या प्रमाणावरून नाव देणारा आलेख) हा सरळ टोनलाइट, म्हणजे पोटॅश फेल्डस्पार फारच कमी असलेला; तो वाढला की ग्रॅनोडायोराइट.

आता रासायनिक पृथक्करण (एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी केलेलं; वजनी टक्के): सिलिका ६६, अ‍ॅल्युमिना १५.८, कॅल्शियम ऑक्साइड ३.८, सोडा (सोडियम ऑक्साइड) ३.७, पोटॅश (पोटॅशियम ऑक्साइड) २.४. ओ'कॉनरच्या अ‍ॅनोर्थाइट-अल्बाइट-ऑर्थोक्लेज त्रिकोणात (१९६५; यातली फेल्डस्पार खनिजं मोजलेली नसतात, रासायनिक आकड्यांवरून हिशेबाने काढलेली असतात) बिंदू ग्रॅनोडायोराइटमध्ये जातो. मिडलमोस्टच्या टास आलेखातही (१९९४; सिलिकासमोर सोडा + पोटॅश) ग्रॅनोडायोराइटच. मार्गदर्शक म्हणतात, 'दोन आलेख एकच सांगताहेत, तेच लिही.' मला काही ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाहीये.

ए/सीएनके (अ‍ॅल्युमिनाचं कॅल्शियम, सोडा आणि पोटॅश यांच्या बेरजेशी रेणू-प्रमाण) १.०१ येतो, मस्कोवाइट नाही, त्यामुळे आय-टाइप (अग्निजन्य खडक वितळून बनलेला ग्रॅनाइट) म्हणायला हरकत दिसत नाही. गोंधळ फक्त नावाचा आहे. एवढा फरक कशामुळे?

---

प्रतिसाद:

फरक बायोटाइटमुळे आहे. ओ'कॉनरच्या त्रिकोणामागचा हिशेब म्हणजे सीआयपीडब्ल्यू नॉर्म (रासायनिक आकड्यांवरून काढलेली काल्पनिक खनिजं); त्यात बायोटाइट हे खनिजच नसतं, सगळं निर्जल धरलेलं. त्यामुळे बायोटाइटमधला पोटॅश ऑर्थोक्लेजच्या (पोटॅश फेल्डस्पारच्या) खात्यात जमा होतो. २.४% पोटॅशचा नॉर्ममधला ऑर्थोक्लेज १४%च्या आसपास होतो, आणि तुम्ही प्रत्यक्षात मोजलाय ४%! बिंदू सरकणारच.

टासचा कौल तर मोजूच नका. त्यात सोडा आणि पोटॅश एकत्र बेरजेत जातात आणि मिडलमोस्टच्या आलेखात टोनलाइटचा रकानाच नाही. म्हणजे 'दोन आलेख सहमत' हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो.

मेसोनॉर्म काढून पाहा. तोही असाच हिशेब, पण त्यात बायोटाइट आणि हॉर्नब्लेंड धरतात; जीसीडीकिट या भूरसायनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. ते क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे आकडे क्यूएपीमध्ये टाका. डेबॉन-ल फोर्टचा (१९८३) आलेखही काढा, तिथे पोटॅश वेगळा आणि सोडा-कॅल्शियम वेगळे मोजले जातात. पण बायोटाइटचा पोटॅश तिथेही वेगळा निघत नाही, एवढं लक्षात असू द्या.

भरड कणांचा खडक असेल तर एका थिन सेक्शनच्या ४%वर विसंबू नका. दगडाचा सपाट काप हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून (फ्यूम हूडमध्येच, हे आम्ल जीवघेणं आहे) सोडियम कोबाल्टिनायट्राइटने रंगवला की पोटॅश फेल्डस्पार पिवळा दिसतो. मोठ्या क्षेत्रावर मोजता येतं.

खनिजं मोजता येत असतील तर पातालीय (जमिनीखाली खोलवर थिजलेल्या) खडकाला नाव क्यूएपीवरूनच द्यायचं, ही आययूजीएसची (भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) पद्धत आहे. प्रबंधात टोनलाइट लिहा आणि रासायनिक आलेखात तो ग्रॅनोडायोराइटमध्ये का पडतो ते दोन ओळींत सांगा.

---

मूळ प्रश्नकर्ता: धन्यवाद! मेसोनॉर्मला लोह फेरस आणि फेरिक असं वेगळं लागेल ना? एक्सआरएफमध्ये एकूण लोहच मिळालंय.