मॉरिशस रुपया आणि सेशेल्स रुपया: १९६० ते २०१० चा आपसातला दर कसा काढावा?

सागरनाणी
या दोन रुपयांच्या आपसातल्या दराचा वर्षवार तक्ता करतो आहे. थेट दर कुठे मिळत नाही, म्हणून दोघांचेही डॉलरचे वर्षअखेरचे दर घेऊन भागाकार केला. एका सेशेल्स रुपयाला किती मॉरिशस रुपये, तर १९६० च्या दशकात १, १९७६ अखेर ०.८५, १९८१ अखेर १.६६, २००५ अखेर ५.५ च्या वर आणि २००८ अखेर २ च्याही खाली. इतके चढउतार खरे आहेत की भागाकार कुठे फसतोय? आणि २००५ चा आकडा तसाच ठेवावा का?

टांकसाळकर
सुरुवातीचा १ अगदी बरोबर आहे. १९३४ पासून मॉरिशसचा रुपया पौंडाला १ शिलिंग ६ पेन्स या भावाने बांधलेला होता. पौंडाचे पेन्स २४०, रुपयाचे १८, म्हणजे पौंडाला १३.३३ रुपये. सेशेल्सचा रुपयाही याच भावात. भारताच्या रुपयाचा १९२७ पासूनचा भावही हाच, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं तिन्ही रुपये एकास एक होते.

फाटा फुटला ६ जून १९६६ ला. भारताने डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० केला आणि पौंड आपल्याकडे २१ रुपयांवर गेला. बेटांनी १३.३३ सोडला नाही. बेटांचा दर भारतीय रुपयावरून काढत असाल तर ही तारीख ओलांडू नका.

१८ नोव्हेंबर १९६७ ला पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आला, तेव्हा मात्र दोन्ही बेटं पौंडासोबत खाली गेली. डॉलरच्या रकान्यात ४.७६ चे ५.५६ झालेले दिसतील, आपसातला दर १ च राहील. इथे नेहमीची गफलत म्हणजे एका देशाचा रकाना नव्या दराने आणि दुसऱ्याचा जुन्या दराने भरला जातो. मग भागाकार १.१७ किंवा ०.८६ येतो. त्या वर्षाला असा आकडा दिसला तर तो बाजाराचा नाही, तक्त्याचा दोष.

हिशेबनीस
तुमचा ०.८५ सुद्धा खरा आहे. ५ जानेवारी १९७६ ला मॉरिशसने पौंड सोडला आणि एका एसडीआरला ७.७१३७५९ रुपये असा दर बांधला. (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं अनेक चलनांच्या टोपलीवरून ठरणारं हिशेबाचं एकक.) त्याच वर्षी जूनमध्ये सेशेल्स स्वतंत्र झाला, पण रुपया पौंडालाच बांधलेला ठेवला. पौंड तेव्हा घसरत होता. वर्षअखेर तो साधारण १.७० डॉलरला होता. १३.३३ भागिले १.७० केले की डॉलरला सेशेल्सचे ७.८४ रुपये येतात. मॉरिशसचे तेव्हा सुमारे ६.६४. दर १ च्या खाली गेला तो यामुळे. मॉरिशसचा रुपया सेशेल्सपेक्षा वरचढ असण्याचा हा छोटा काळ लोक सहसा विसरतात.

१९७९ अखेरपासून १९८३ च्या सुरुवातीपर्यंत मात्र डॉलरच्या वाटेला जाऊच नका. दोन्ही रुपये एसडीआरला बांधलेले होते, तेव्हा सरळ भागाकार करा:

ऑक्टोबर १९७९: मॉरिशस १०. नोव्हेंबरात सेशेल्स ८.३१९७. दर १.२०.
मार्च १९८१: सेशेल्सने रुपया १५ टक्क्यांनी वर नेला, ७.२३४५. दर १.३८.
सप्टेंबर १९८१: मॉरिशसचं पुन्हा अवमूल्यन, १२. दर १.६६.

म्हणजे दोन वर्षांत एकाने दोनदा रुपया खाली आणला आणि दुसऱ्याने वर नेला. मॉरिशसला साखरेची तेजी ओसरल्यावर तूट झेपेना. फेब्रुवारी १९८३ पासून मॉरिशसने स्वतःची चलनांची टोपली वापरली, तिच्यात कोणत्या चलनाचा किती भार हे जाहीर नव्हतं, तेव्हा तिथून पुढे डॉलरच्या दरावाचून गत्यंतर नाही.

दर्यावर्दी
२००५ चा आकडा ठेवा, पण नुसता ठेवू नका. डॉलरला सेशेल्सचे ५.५ रुपये हा सरकारी दर होता. त्या दराने मागेल त्याला डॉलर मिळत नव्हते. आयातदारांना वाट पाहावी लागे, पर्यटकांकडून हॉटेलचं बिल परकीय चलनातच घेतलं जाई आणि बाहेर काळ्या बाजारात डॉलर बराच महाग होता. मॉरिशसने १९९४ मध्येच विनिमय नियंत्रण उठवलेलं, त्याचे डॉलरला ३०.६७ हे खरोखर बाजारातले. बाजाराचा दर भागिले कागदावरचा दर, असं तुमचं ५.५८ आहे. त्यावरून सेशेल्समधल्या किमती किंवा पगार मॉरिशसच्या रुपयात मांडले तर ते फुगलेले दिसतील.

२००६ च्या अखेरीपासून दर सैल होऊ लागला आणि २००७ अखेर डॉलर ८ रुपयांच्या आसपास आला. ऑक्टोबर २००८ मध्ये २३ कोटी डॉलरच्या रोख्यांवरचं व्याज थकलं आणि १ नोव्हेंबरला रुपया तरता सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. वर्षअखेर डॉलर साडेसोळाच्या वर, वर्षभरानंतर परत अकराच्या आसपास.

सागरनाणी
मग २००८ साठी वर्षअखेर घ्यावी की सरासरी?

दर्यावर्दी
दोन्ही, वेगळ्या रकान्यांत. वर्षअखेरीने १.९ येतो. सरासरीने सेशेल्स साडेनऊच्या जवळ आणि मॉरिशस साडेअठ्ठावीसच्या जवळ, म्हणजे ३. एकाची सरासरी आणि दुसऱ्याची अखेर असं मिसळू नका. शेवटचे दोन महिने वेगळे मांडता आले तर उत्तम, कारण पहिल्या दहा महिन्यांचा दर पुन्हा सरकारीच आहे.

हिशेबनीस
एक भर. १९६७, १९७६, १९७९ आणि १९८१ या वर्षांना एकच ओळ पुरणार नाही. बदलाच्या तारखेला ओळ तोडा, आधीचा आणि नंतरचा दर वेगळा लिहा, आणि शेजारी "पौंड", "एसडीआर", "टोपली", "तरता" असा रकाना ठेवा. दोन्ही चलनं 'रु.' असंच लिहिली जातात, तेव्हा प्रत्येक आकड्याला एमयूआर (मॉरिशस रुपया) किंवा एससीआर (सेशेल्स रुपया) जोडलेलं असू द्या.