म्युनिकला जायचंय, ओव्हरकोट पुण्यात घ्यावा का?

कोथरूडकर: जानेवारीत ऑफिसच्या कामासाठी म्युनिकला जातोय. सुटावर शोभेल असा कोट हवाय. इथे लक्ष्मी रोडला गुडघ्यापर्यंतचा काळा पाहिला, दिसायला झकास. लेबलवर ‘पॉलिएस्टर 70 टक्के’ आहे. चालेल?

इसारकाठी: अजिबात नको. मारिएनप्लाट्झला (म्युनिकचा मुख्य चौक) दहा मिनिटं उभं राहिलात की दात वाजतील. लोकर 70-80 टक्के तरी हवी. बाकी थोडं नायलॉन असलं तर उलट कापड टिकतं. इथे म्युनिकलाच घ्या, नाताळ सरला की सेल लागतात. सूट घालूनच ट्राय करा आणि हात पुढे करून पाठीत ताणतोय का बघा. बाही शिंपी कमी करून देतो, खांदा चुकला तर तोही हात टेकतो. आणि हो, कोटाच्या मागे खाली जी चीर असते, तिच्यावरचा फुलीचा टाका उसवा! आपली निम्मी मंडळी तो तसाच मिरवतात.

कोथरूडकर: मग विमानतळ ते हॉटेल काय घालू?

टोरांटोची_सून: कुणाचं तरी पफर (आत भरण असलेलं फुगीर) जॅकेट मागून न्या, आत थर्मल. काळा रंग मात्र सोडा, प्रत्येक धागादोरा दिसतो. गडद राखाडी घ्या.