मदत हवी आहे: पहिलं वेल्डिंग मशीन, बजेट कमी, सॉकेट १६ अँपिअरचं

नमस्कार मंडळी,

लोखंडकाम शिकायचं बरेच दिवस मनात आहे. ग्राइंडर घेऊन झाला, एक बरा व्हाइस मिळाला, आता गाडी अडलीय वेल्डिंग मशीनपाशी. रॉड धरायचा होल्डर हातात कधी घेतलेला नाही. एका फॅब्रिकेटरच्या बाजूला उभं राहून तासभर बघितलंय, तेवढंच भांडवल.

काम घरगुतीच: बॉक्स पाइपची टेबलं, मांडण्या, कुंड्यांचे स्टँड, निखळलेल्या बिजागऱ्या. पाइप बहुतेक १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी. कधीतरी ५ मिमीची पट्टी किंवा अँगल. सगळं साधं एमएस (माइल्ड स्टील), स्टेनलेस-अ‍ॅल्युमिनियम नाही. जागा म्हणजे तिन्ही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड. वीज सिंगल फेज, २३० व्होल्ट, १६ अँपिअरचं एकच सॉकेट आणि त्यामागे १६चाच एमसीबी.

दुकानं फिरून डोकं भंजाळलंय. एक म्हणतो २०० अँपिअरचं साधं इन्व्हर्टर (रॉडने वेल्ड करणारं हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन) घ्या. दुसरा म्हणतो, आजकाल रॉडने कोण शिकतं, थ्री-इन-वन घ्या, मिग (आपोआप सरकणारी वायर), टिग (टंगस्टनची सुई आणि गॅस), आर्क (रॉड) सगळं एकात. तिसऱ्याने जुनं तांब्याच्या वाइंडिंगचं ट्रान्सफॉर्मर मशीन दाखवलं आणि म्हणाला, नातवंडांनाही पुरेल. पैसे एकदाच घालू शकतो, म्हणून विचारतोय. माझ्या कामाला यातलं काय बसेल? आणि २०० अँपिअरचं मशीन १६च्या सॉकेटवर चालतं तरी कसं?

प्रतिसाद १

थ्री-इन-वन आत्ता नको. गॅसवालं मिग शिकायला खरंच सोपं आहे, त्यात वाद नाही. पण त्यासोबत सिलिंडर आला, रेग्युलेटर आला, सिलिंडर भरून आणणं आलं. वर तुमची शेड उघडी. वाऱ्याची झुळूक आली की वितळलेल्या जोडावरचा गॅस उडतो आणि वेल्डमध्ये स्पंजासारखी भोकं पडतात. रॉडवरचं फ्लक्स, म्हणजे बाहेरचा लेप, जळताना स्वतःच गॅस आणि स्लॅगचं (वर गोठणाऱ्या मळीचं) पांघरूण घालतं, त्यामुळे उघड्यावर रॉडच बरा. त्यातून स्वस्त थ्री-इन-वनमध्ये टिग असतं ते डीसी. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतो, म्हणजे ज्यासाठी लोक टिगच्या मोहात पडतात तेच त्यावर होत नाही.

ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट असतं. पडलं, धूळ खाल्ली तरी कुरकुरत नाही. पण उचलायला दोन माणसं, सुरू केलं की घरातले दिवे मंद, आणि कमी अँपिअरवर बारीक सेटिंग बहुतेकांत नीट होत नाही. तुम्हाला तर नेमकं तेच लागणार आहे. साधं डीसी इन्व्हर्टर घ्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धाच सहमत. १६ गेजच्या पाइपवर नवशिक्याच्या हातात रॉड म्हणजे भोकंच भोकं. बिनगॅसचं मिग असतं त्याचा विचार करा. त्यात फ्लक्स भरलेली वायर येते, सिलिंडर लागत नाही आणि वाऱ्याचा त्रासही कमी. फक्त घेताना एक बघा: या वायरला टॉर्च (वायर बाहेर येते ती गन) निगेटिव्हला लागतो आणि साध्या वायरला पॉझिटिव्हला. आतली जोडणी बदलता येत नसेल तर ते मशीन घेऊ नका. ठिणग्या मात्र भरपूर उडतात आणि धूरही होतो.

प्रतिसाद ३

कोणतं मशीन हा वाद चालू राहू दे. आधी धागाकर्त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण निवड तिथेच होणार आहे.

पुढच्या पॅनलवर रंगवलेला २०० हा आकडा विसरा. मशीनच्या मागे किंवा खाली माहितीची पट्टी असते. तिच्यावर "एक्स" असं लिहिलेल्या ओळीत टक्के आणि त्याखाली अँपिअर दिलेले असतात. तो ड्युटी सायकल. हिशोब दहा मिनिटांचा असतो: ६० टक्के म्हणजे सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. त्याच पट्टीवर "आय-१ मॅक्स" आणि "आय-१ इफेक्टिव्ह" असतं, म्हणजे मशीन भिंतीतून किती करंट ओढतं ते. दुकानात जाऊन फोटो काढा आणि आकडे इथे टाका. ज्या मशीनला पट्टीच नाही, तिथून निघून या.

धागाकर्ता

फोटो काढून आणला. दुकानदार म्हणाला, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं! पुढे ठळक २००. मागे बारीक अक्षरांत: ३० टक्के – १४० अँपिअर, ६० टक्के – ९९, १०० टक्के – ७७. आय-१ मॅक्स २७, आय-१ इफेक्टिव्ह १४.८. वजन पाच किलोच्या आत. २०० हा आकडा पट्टीवर कुठेही नाही. फसवणूक म्हणायची का ही?

प्रतिसाद ३

फसवणूक म्हणा नाहीतर रंगकाम म्हणा, पण पट्टी तरी खरं बोलतेय. तुमचं काम यात बसतं का ते बघू.

२.५ मिमीचा ६०१३ (साध्या लोखंडाचा नेहमीचा) रॉड साधारण ७० ते ९० अँपिअरवर चालतो. ८० धरा. आर्कचा व्होल्टेज या हिशोबात २० अधिक ०.०४ गुणिले करंट धरतात, म्हणजे २३.२. गुणाकार केला की १८५६ वॅट. मशीनची कार्यक्षमता ८० टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरा कामाला येणारा हिस्सा) ०.७ धरला (स्वस्त इन्व्हर्टरला यापेक्षा जास्त धरू नये), तर भिंतीतून ३३०० व्हीएच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर) आसपास, म्हणजे १४ अँपिअरच्या थोडं वर. तुमचा १६चा एमसीबी हे सोसेल. ३.१५चा रॉड १२० अँपिअरवर लावलात तर हाच हिशोब २३ अँपिअरवर जातो. एखादा टाका होईल, पण रॉड संपायच्या आत एमसीबी पडला तर मशीनला दोष देऊ नका. आणि पडतो म्हणून १६च्या जागी ३२चा एमसीबी बसवू नका. तो मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या वायरसाठी असतो. मोठा रॉड लागणारच असेल तर इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइन ओढून घ्या.

ड्युटी सायकलची भीती सोडा. २.५चा रॉड मिनिटभरात संपतो. मग स्लॅग झाडायचा, ब्रश मारायचा, नवा रॉड लावायचा, तोवर मशीन गार. ७७ अँपिअर तर ते न थांबता देतंय. म्हणजे तुमच्या सॉकेटला २००चं मशीन काय नि १४०चं काय, सारखंच. खरं १४० देणारं आणि पट्टीवर तसं छापणारं घ्या.

१६ गेजसाठी २ मिमीचे रॉड आणा. ४५ ते ६० अँपिअर, आणि रॉड निगेटिव्हला. डीसीचा हाच फायदा, केबल अदलाबदल केली की पातळ पाइपवरची उष्णता थोडी कमी करता येते. सलग ओढू नका. छोटा टाका, लाली उतरू द्या, मग पुढचा. जोड मात्र घट्ट बसलेला हवा. फट असेल तिथे भोक ठरलेलं.

प्रतिसाद ४

मशीनवर सगळे पैसे उडवू नका, हे कुणीच कसं लिहिलं नाही? ऑटो डार्क हेल्मेट (आर्क लागताच काच आपोआप काळी होणारं) घ्या, ९ ते १३ शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, बदलता येणारं. या कामाला १० किंवा ११ पुरे. नवशिक्याला आर्क मारण्याआधी रॉडचं टोक कुठे आहे ते दिसणं फार मोलाचं असतं. हातात धरायच्या काचेत एक हात अडकतो आणि आर्क लागेपर्यंत सगळा अंधार.

माझी अक्कल सांगतो. सुरुवातीला मी "दोनच टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे टाके) आहेत" म्हणून डोळे मिटून मारायचो. दोनाचे दहा झाले. संध्याकाळपर्यंत काही नाही. रात्री दीडला जाग आली तर डोळ्यांत कुणी वाळू चोळल्यासारखं, उघडवेना, मिटवेना. पापणीतून थोडा उजेड गेलाच असणार, शिवाय मिटायला उशीर होतो तो वेगळा. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट. टेरिकॉट नको, ठिणगीने वितळून अंगाला चिकटतं. स्लॅग फोडताना साधा चष्मा तरी हवाच, गरम कपची सरळ डोळ्याकडेच उडते. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडापासून दोन बोटं जस्त घासून काढा आणि तरीही धुराच्या आड येऊ नका. जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडीताप भरल्यासारखं होतं. आणि ब्रेक क्लीनर मारून पाइप साफ करायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. त्यातल्या काहींत क्लोरीनवाली द्रावणं असतात आणि आर्कच्या उजेडात त्यांचा विषारी फॉस्जिन वायू होतो.

प्रतिसाद १

एक राहिलं. ग्राइंडर मशीनशेजारी चालवू नका. इन्व्हर्टरचा पंखा लोखंडाची पूड आत ओढतो, ती सर्किटवर बसते आणि एक दिवस शॉर्ट. माझं पहिलं मशीन असंच गेलं. एक्स्टेन्शन बोर्ड वापरणार असाल तर जाड वायरचा, आणि रिळावरून पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पट्टीवर १४० लिहिलेलं तेच घेतलं, उरलेल्यात हेल्मेट, हातमोजे, २ आणि २.५चे रॉड. मिगवाल्यांनी रागावू नये, पुढच्या खेपेला.

तीन दिवस ५ मिमीच्या भंगार पट्टीवर नुसत्या रेघा ओढल्या. पहिल्या दिवशी रॉड वेल्ड कमी आणि चिकटला जास्त. मग लक्षात आलं की मी रॉड टोचतोय, तो काडेपेटीवर काडी ओढावी तसा ओढायला हवा. आर्क लागल्यावर टोक रॉडच्या जाडीइतकंच वर ठेवलं की अखंड चरचर येते. लांब गेलं की आवाज फडफडतो आणि गोळे उडतात. आता डोळ्यांपेक्षा कानावर जास्त चालतंय. दोन पट्ट्या काटकोनात जोडून व्हाइसमध्ये हातोडीने दुमडून बघितल्या. पहिला जोड सरळ सुटून आला, वरून छान दिसत होता आणि खाली काही पकडलंच नव्हतं. ७०चे ८५ केले, मग धरला.

काल टेबलाची चौकट केली. भोकं चारच! पण आता चौकट जमिनीवर डुगडुगतेय. लावताना गुण्यात (काटकोनात) होती, एक कोपरा पूर्ण वेल्ड करून दुसऱ्याकडे गेलो तर तो ओढला गेला.

प्रतिसाद ३

एक कोपरा पूर्ण करायचाच नाही. आधी चारही कोपऱ्यांना टॅक, मग दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तरच पुढे. वेल्ड समोरासमोर: एक टाका इथे, पुढचा तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. थंड होताना धातू आकसतो आणि ज्या बाजूला जास्त घातलंय तिकडे ओढतो. तुमच्या कर्णांत किती फरक आहे?

धागाकर्ता

७ मिमी. ग्राइंडर लावून दोन कोपरे कापतोय. मशीन लांब ठेवलंय.