मदत हवी आहे : जैसलमेरजवळचं वाळवंट, किल्ला आणि नाचगाणी सोडून

खडकवासला_एक्सप्रेस
जैसलमेरला चाललोय. किल्ला, हवेल्या आधीच बघून झाल्यात, यावेळी फक्त निसर्ग. सकाळी निघायचं, रात्री मुक्कामी गावात परत. नेटवर जिकडेतिकडे सम (तिथल्या वाळूच्या टेकड्या), सम आणि सम. तिथला एक एजंट मागे लागलाय, "साहब पॅकेज ले लो, जीप, ऊंट, डान्स, डिनर." मला डान्स नकोय हो. कुठे जाऊ ते पटापट सांगा, उद्या गाडी ठरवायची आहे. "गूगल करा" म्हणणाऱ्यांनी पुढच्या धाग्यावर जावं.

चिंतू_चिंचवड
कधी? किती दिवस? किती जण? लहान मुलं, वयस्कर कोणी? काहीच न सांगता "पटापट सांगा" म्हणजे डॉक्टरला फोन करून "दुखतंय, गोळी सांगा" म्हणण्यासारखं झालं.

खडकवासला_एक्सप्रेस
आत्ता, जानेवारीत. १६ ला दुपारी पोचतोय, १९ ला परत. चौघं आहोत. झालं?

मेधा_ठाणे
चौघं म्हणजे कोण? चार मित्र असाल तर सल्ला वेगळा.

खडकवासला_एक्सप्रेस
मी, बायको, मुलगा (८ वर्षं) आणि सासूबाई. सासूबाईंची कंबर धरते, बाकी त्या माझ्यापेक्षा जास्त चालतात. आता तरी जागा सांगा.

राजा_माणूस
आम्ही समलाच तंबूत राहिलो होतो. काय सांगू! सूर्यास्त, मग शेकोटी, कालबेलिया नाच, दालबाटी. डोळे झाकून पॅकेज घ्या. उगाच चिकित्सा करू नका, सुट्टी आहे, एन्जॉय करा.

बाभूळबन
राजाभाऊ, त्यांना नाच नकोय हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.
समच्या टेकड्या शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर. वाळू सुंदर आहे यात वाद नाही, पण जानेवारीत संध्याकाळी जीपा, उंट, चहावाले, पतंगवाले आणि चार तंबूंतून चार वेगळी गाणी. वाळू बघायची तर खुरीला जा. नैर्ऋत्येला, अंतर साधारण तेवढंच, गर्दी खूपच कमी. आणि ती जीप सफारी सासूबाईंना अजिबात नको. टेकडीच्या माथ्यावरून गाडी सोडून देतात, कंबर हातात येईल.

राजा_माणूस
माझी आई ७० ची आहे, ती जीपमध्ये बसली होती. काही झालं नाही.

बाभूळबन
आनंद आहे.

मेधा_ठाणे
उंटावर बसवणार असाल तर एक सांगते. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस धाडकन पुढे जातो. बसताना याच्या उलट, आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही तोल पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलून खोगिराची मागची कडी घट्ट धरायची. हे कोणी आधी सांगत नाही, माझ्या नणंदेचा चष्मा वाळूत गेला तो गेलाच. कंबरेचं दुखणं असेल तर उंटगाडी घ्या.

दगडूशेठ_खडकवाले
मुलगा ८ वर्षांचा आहे आणि अजून कोणी अकलचं नाव घेतलं नाही? बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर अकल वुड फॉसिल पार्क आहे. १८ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक काळातल्या झाडांची दगड झालेली खोडं, उघड्या माळावर. आज जिथे खेजडीची सावली मिळायची मारामार, तिथे तेव्हा घनदाट जंगल होतं. लांबट खोडांवर लोखंडी जाळीचे पिंजरे आणि वर पत्रे टाकलेत, फोटोला भिकार दिसतं. पण वाकून नीट बघा, सालीच्या खाचा आणि गाठी दगडात जशाच्या तशा आहेत. बोट फिरवलं की लाकूडच वाटतं, थंडगार असल्यामुळे तेवढं दगड कळतं.

चिंतू_चिंचवड
अकलला जाऊन आलोय. अर्ध्या तासात संपतं. पोरगं बोअर होईल.

दगडूशेठ_खडकवाले
पोरगं बोअर होतं का बाप, ते आधी ठरवा.

खडकवासला_एक्सप्रेस
मुलगा डायनासोरवेडा आहे. बाकी कशात त्याला रस नाही.

दगडूशेठ_खडकवाले
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! जैसलमेरजवळच्या जेठवाई भागात मिळालेल्या हाडांवरून २०२३ मध्ये थारोसॉरस इंडिकस ही नवी जात जाहीर झाली. १६ कोटी ७० लाख वर्षं जुना, लांब मानेचा, पाला खाणारा, त्याच्या कुळातला आजवर सापडलेला सगळ्यात जुना. हाडं रुरकी आयआयटीच्या संशोधकांकडे आहेत, त्यामुळे जागेवर सांगाडा बघायला मिळेल अशी आशा पोराला लावू नका. पण अकलला उभं करून "हा इथेच हिंडायचा" एवढं सांगितलंत तरी काम होईल. फक्त तिथला दगड खिशात टाकू देऊ नका, मनाई आहे.

सीमोल्लंघन
तनोटला (सीमेजवळचं देवीचं मंदिर) जाच! १२० किलोमीटर, रस्ता सुंदर, येताना लोंगेवाला. १९७१ च्या युद्धातले रणगाडे आहेत. अंगावर काटा येतो.

बाभूळबन
निसर्ग विचारलाय.

सीमोल्लंघन
रस्त्यात निसर्गच आहे की दोन्ही बाजूंना.

नान्नजचा_वाटाड्या
सोलापूरचा आहे, त्यामुळे माझं एकच म्हणणं. डेझर्ट नॅशनल पार्क चुकवू नका. ३१६२ चौरस किलोमीटरचा पसारा आहे, त्यातला सुदासरीचा भाग बघा, शहरापासून साठेक किलोमीटर. तिथे गोडावण आहे, म्हणजे आपला माळढोक. आमच्या नान्नजला माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, पण आता तिथे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. लहानपणी आजोबांबरोबर एसटीतून जाताना शेतात उभे असलेले बघितलेत राव मी. देशात उरलेत ते दीडशेच्या आतबाहेर, बहुतेक सगळे याच वाळवंटात.

चिंतू_चिंचवड
दिसतो का पण? का नुसतं गवत बघून परत यायचं?

नान्नजचा_वाटाड्या
दिसेलच अशी हमी कोणी दिली तर त्याला पैसे देऊ नका. पण चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, शेवण गवताचे माळ, हे सगळं आहेच. प्रवेशाची परवानगी आदल्या दिवशीच जैसलमेरच्या वन कार्यालयातून घेऊन ठेवा, आयत्या वेळी गेटवर घोळ नको. दिवस उजाडताना पोचा. सूर्योदय तिकडे साडेसातच्या सुमारास होतो, म्हणजे शहरातून सहाला निघालात तरी चालतंय.

पवनचक्की
माळढोक मेले त्यात विजेच्या तारांचा मोठा हात. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, तारा दिसेपर्यंत वळता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं, मग

राजा_माणूस
मग वीज नको का? सौर ऊर्जा वाळवंटात नाही तर काय सदाशिव पेठेत करायची?

पवनचक्की
तारा पुरा म्हणतोय, वीज बंद करा म्हणत नाहीये.

बाभूळबन
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा बघू.

वऱ्हाडी_ठेचा
थंडीचं कोणी सांगूनच नाही राह्यलं ना बाप्पा. दुपारी हाफ शर्टात फिरसान आन सूर्य बुडला का दात वाजतेत. म्हातारीले कानटोपी अन् मोजे घेजा. संक्रांतीचा तिळगूळ उरला असन तर तोही न्या.

खडकवासला_एक्सप्रेस
सासूबाई हा धागा वाचतायत. "म्हातारी कोणाला म्हणतो तो" असा निरोप आहे.
बरं, सुदासरी आणि खुरी एका दिवसात होतं का?

बाभूळबन
आरामात. दोन्ही एकाच अंगाला आहेत. सकाळी सुदासरी, उन्हं चढली की खुरीत जेवण (बाजरीची भाकरी आणि केर-सांगरी मागा), चारनंतर वाळूत. सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. लगेच परत फिरू नका, अंधार पडेपर्यंत तासभर थांबा. १८ ला अमावस्या आहे, म्हणजे तुमच्या तिन्ही रात्री काळ्याकुट्ट. मृग नक्षत्र वर चढलेलं असेल आणि गुरू मिथुन राशीत इतका झळकतोय की पोराला बोटाने दाखवायचीही गरज नाही. साधी दुर्बीण असेल तर न्या, गुरूचे चंद्र दिसतात. आकाशगंगेचा तो फोटोतला जाड पट्टा मात्र जानेवारीत दिसत नाही.

मेधा_ठाणे
गाडी ठरवताना "रात्री आठपर्यंत खुरीत थांबणार" हे आधीच बोलून घ्या. सूर्यास्त झाला की ड्रायव्हर घाई करतात. आमच्याशी एकाने ऐनवेळी रात्रीचे जादा पैसे काढले होते.

गृहिणी_ग्लोबल
हाबूरच्या दगडाची वाटी आणा! त्यात कोमट दूध ठेवलं की विरजण न लावता दही लागतं.

दगडूशेठ_खडकवाले
हाबूरचा दगड जीवाश्मांनी भरलेला आहे, दिसायला देखणा आहे, जरूर घ्या. दह्याचं तुमच्यावर सोडतो.

गृहिणी_ग्लोबल
मी स्वतः लावलंय. सकाळी मस्त घट्ट दही.

चिंतू_चिंचवड
वाटी आदल्या दिवशी दह्याची होती का?

खडकवासला_एक्सप्रेस
दही राहू द्या. १६ ला दुपारी गडीसरच्या काठावर पाणपक्षी आणि वन कार्यालय, १७ ला सुदासरी आणि खुरी, १८ ला अकल. १९ चं काय? ट्रेन जोधपूरहून रात्री आहे.

नान्नजचा_वाटाड्या
ट्रेन जोधपूरहून आहे हे आता सांगताय? मग प्रश्नच मिटला. फलोदीवरून जा आणि खिचनला थांबा. मंगोलियाकडून आलेले हजारो करकोचे (तिकडे कुरजां) गावाच्या वेशीवर असतात, २०२५ मध्ये रामसर यादीत गेलंय ते ठिकाण. चुग्गाघरात दाणे टाकतात ते सकाळी, ते तुम्हाला मिळणार नाही. पण दुपारी पक्षी गावाबाहेरच्या तळ्यांवर पाण्याला उतरतात. नऊला जैसलमेर सोडा, बारा-साडेबाराला तळ्यावर. बांधावर गप्प बसून राहायचं, सगळे मिळून एवढा आवाज करतात की सासूबाईंना शेजारी बसून बोललेलं ऐकू येणार नाही.

खडकवासला_एक्सप्रेस
हे सगळ्यात आवडलं. ठरलं. एजंटला नाही म्हणून कळवलं, आता तो पॅकेज निम्म्या किमतीत देतोय.

राजा_माणूस
निम्म्यात मिळतंय तर घ्या की!!

उन्हाळी_भटक्या
धागा छान. आम्हालाही मुलांच्या सुट्टीत मे महिन्यात जायचंय, हाच कार्यक्रम चालेल का?

वऱ्हाडी_ठेचा
मे महिन्यात नागपूरले या, तेवढंच ऊन अन् राहाची सोय आमच्या घरी.

बाभूळबन
नाही चालणार. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि कुरजां मार्चपर्यंतच परत गेलेल्या असतात. नोव्हेंबरचं बघा. आणि किती जण, कोण कोण, ते आधी लिहा.