ताउलचा ख्रिस्त डोंगरातल्या चर्चमध्ये परत जावा का?

पायवाट
स्पेनच्या पिरेनीज डोंगरात, बोईच्या खोऱ्यात ताउल नावाचं छोटं गाव आहे. उंची साधारण दीड हजार मीटर. तिथल्या सांत क्लिमेंत चर्चचा अभिषेक 10 डिसेंबर 1123 रोजी झाला आणि दुसऱ्याच दिवशी, त्याच बिशपच्या हस्ते, गावातल्या सांता मारिया या पॅरिश चर्चचा. एवढ्याशा गावात लागोपाठ दोन दिवसांत दोन चर्च! दोन्ही रोमनेस्क म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीची, आतून चित्रांनी भरलेली.

ती मूळ चित्रं आता तिथे नाहीत. 1919 ते 1923 या काळात खोऱ्यातल्या आणि आसपासच्या चर्चमधली चित्रं भिंतीवरून सोलून बार्सिलोनाला नेली. सांत क्लिमेंतच्या अर्धगोल गाभाऱ्यातला प्रसिद्ध ख्रिस्तही त्यात गेला. हातातल्या उघड्या पुस्तकावर लॅटिनमध्ये 'मी जगाचा प्रकाश आहे' असं लिहिलेला तो. आज तो मोंजुइक टेकडीवरच्या संग्रहालयात लाकडी सांगाड्याच्या कमानीत बसवलेला आहे.

मी दोन्ही पाहिलं. आधी संग्रहालय, मग गाव. माझं स्पष्ट मत आहे की चित्रं परत जायला हवीत. चित्रकाराने ती त्या भिंतीच्या वळणासाठी, वेदीपुढे उभ्या राहणाऱ्या गावकऱ्यांसाठी काढली होती. चर्चमध्ये आता प्रोजेक्टरने तीच चित्रं भिंतीवर उमटवतात. रेषेरेषेने उमटणारं चित्र पाहताना डोळे भरून आले माझे. मग दिवा बंद झाला आणि उरली उघडी भिंत.

हेमांगी_क
भावना समजते, पण चित्रं भिंतीवरून का उतरवली हे तुम्ही सांगितलंच नाही. त्या वेळी व्यापारी खोऱ्यात फिरून चित्रं विकत घेत होते. सांता मारिया दे मुर या चर्चचा अख्खा चित्रित गाभारा असाच विकला गेला, तो आज अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. ते कळल्यावर बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने उरलेली चित्रं विकत घेऊन घाईने उतरवून घेतली. ती घाई झाली नसती तर ताउलचा ख्रिस्तही बोस्टनला भेटला असता. ज्यांनी वाचवलं त्यांच्याकडेच आता परत मागायचं?

पायवाट
वाचवलं हे शंभर टक्के मान्य, त्यांचे उपकारच आहेत. पण घरात चोर शिरतील म्हणून शेजाऱ्याकडे ठेवलेले दागिने धोका टळल्यावर परत आणतोच ना आपण? आज बोईचं खोरं 2000 सालापासून जागतिक वारसा आहे. तिथून आता कोण काय विकत घेणार?

दगडफूल
दागिन्यांचं उदाहरण इथे लागू होत नाही. चित्रं कशी उतरवली ते बघा. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं. सरस वाळताना आकसतो आणि रंगाचा पातळ थर ओढून घेतो. मग कापड भिंतीपासून सोलायचं, गुंडाळी करायची, संग्रहालयात नव्या कापडावर चिकटवायचं आणि आधीचं सोडवायचं. हे करायला इटलीहून कारागीर आणले होते. असा एकदा सोललेला थर पुन्हा हलवणं, तेही थंडी-ओल असलेल्या दगडी इमारतीत, ही जोखीम मी तरी घेणार नाही.

आणि जागेवर ठेवलं म्हणजे जपलं असंही नाही. जवळपास त्याच काळात, 1920 ते 22, निजाम सरकारने अजिंठ्याला इटालियन तज्ज्ञच बोलावले होते. त्यांनी चित्रं जागेवरच ठेवली आणि वरून लाखेचं वार्निश दिलं. पुढे ते पिवळं पडलं, चित्रं काळवंडली. ते थर काढण्यात आपल्या पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षं गेली.

पायवाट
अजिंठ्याचा मुद्दा मनाला लागला. तरी अजिंठ्याची चित्रं औरंगाबादेत आणून लाकडी चौकटीवर लावावीत असं तुम्ही म्हणाल का?

दगडफूल
नाही म्हणणार. पण तिथे ती अजून भिंतीवर आहेत. इथे शंभर वर्षांपूर्वी निघाली. 'काढू नका' आणि 'पुन्हा लावा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तरा_देश
स्पेनमधल्याच सिहेनाच्या मठाची चित्रं या वादात यायलाच हवीत. 1936 मध्ये, यादवी युद्धात, मठाला आग लागली. जळक्या भिंतींवरून उरलेली चित्रं उतरवून बार्सिलोनाला नेली. आगीच्या धगीने रंगच बदललेत. मे 2025 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मठाला परत करण्याचा निकाल दिला. संग्रहालयाचं म्हणणं दगडफूल यांच्यासारखंच आहे, की हलवली तर तुटतील. मी मालकी मानते, पण इतक्या नाजूक चित्रांचा प्रवास मला नको वाटतो.

ताउलबद्दल एक वेगळं सांगते. तुम्ही 'उघडी भिंत' म्हणालात ते मला पटलं नाही. चित्रं नसली तरी सांत क्लिमेंत रिकामं नाही. तीन दालनं, मध्ये गोल दगडी खांब, वर लाकडी छप्पर, तीन अर्धगोल गाभारे. बाहेर चौकोनी, सडसडीत, सहा मजली घंटामनोरा. मजल्यामजल्याला कमानींच्या खिडक्या आणि छोट्या आंधळ्या (म्हणजे आरपार नसलेल्या) कमानींची, उत्तर इटलीतल्या लोंबार्ड पद्धतीची नक्षीपट्टी. हे सगळं जागेवर आहे, नऊशे वर्षं. आणि प्रोजेक्टर बसवण्याआधी भिंतीवरची चित्रांची जुनी नक्कल उतरवली, तेव्हा अस्सल चित्रांचे अवशेषही दिसले. बायबलमधला काइन आपल्या भावाला, हाबेलला, मारतोय तो प्रसंग अजून तिथल्याच भिंतीवर आहे.

पायवाट
काइन-हाबेल मी पाहिला. प्रोजेक्टर बंद झाल्यावर बाकी लोक निघाले, मी त्याच्यासमोर थांबलो. फिकट आहे, अर्धा गेलाय, पण त्या चुन्यात मुरलेला आहे. खरं तर तो पाहिल्यावरच मला बार्सिलोनातल्या ख्रिस्ताची जागा इथे आहे असं ठामपणे वाटलं.

सिहेनाचं ऐकून एवढं मात्र मागे घेतो: आज हलवा असं म्हणणार नाही. न तुटता हलवता येईल असं तंत्र हाती आलं, तर पहिला हक्क ताउलचा, एवढं संग्रहालयाने लिहून द्यावं.

हेमांगी_क
एवढ्याला माझी हरकत नाही. पण बोस्टनकडूनही तेच लिहून मागा. मुरचा गाभारा त्याच डोंगराळ मुलखातला आहे, आणि तो तर समुद्रापार आहे.