टर्बो की साधं पेट्रोल इंजिन?

टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरून ताकद वाढवणारं यंत्र) म्हणजे आत्ताचं फॅड, नवीन गाडीत घेऊच नका असं काही जण म्हणतात, ते मला नाही पटलं. अहो, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने त्याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं! १९६२ ला ओल्डस्मोबिल या अमेरिकन कंपनीने जेटफायर नावाची टर्बो कार काढली, पण इंजिनात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं, लोक ते भरायचे विसरायचे आणि गाडीची ताकद कमी व्हायची. आता नॉकिंग रोखायचं काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात, त्यामुळे ती भीती सोडा.

खरी काळजी ऑइलची. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि ते ऑइलच्या पातळ थरावर फिरत असतं, म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल आणि तेही वेळेवर बदलायचं, हे जमणार नसेल तर साधं इंजिनच बरं. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने नका घेऊ, घरचे सगळे बसवा, एसी लावा आणि चढावर अगदी हळू करून परत उचलून बघा, टर्बो लॅग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर, तिथेच कळतो.