दोघी बहिणींनी मिळून निवांत खेळण्यासारखा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम सुचवा

सांगलीकरीण

मंडळी, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मी सांगलीत, धाकटी बहीण जर्मनीत. फोन नेहमी होतो, पण जेवणखाण आणि हवापाणी झालं की बोलणं अडतं. लहानपणी सुट्टीत आम्ही भाड्याने आणलेल्या कॅसेटवर तासन्‌तास व्हिडिओ गेम खेळायचो. तसं काहीतरी पुन्हा करावं, एकाच जगात दोघींनी फिरावं, असं दोघींनाही वाटतंय.

आमच्या अटी सांगते. रँकिंग, लीडरबोर्ड, दुसऱ्याला मारून त्याचं सामान लुटणं यात आम्हाला अजिबात रस नाही. गोष्ट असावी, बघण्यासारखा मुलूख असावा, मासे पकडणं, स्वयंपाक, घर सजवणं असलं काही असेल तर उत्तमच. मी बँकेत आहे, त्यामुळे मार्चअखेरच्या आसपास महिना-दीड महिना गेमला हात लागणार नाही. लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. एकरकमी पैसे भरायला हरकत नाही, दर महिन्याला नको.

मुलाला विचारलं तर तो बीजीएमआयच्या (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) पलीकडे काही सांगत नाही, म्हणून इथे विचारतेय.

रातराणी

फायनल फँटसी १४, डोळे झाकून. फुकट ट्रायलमध्ये लेव्हल ७० पर्यंत खेळता येतं, मूळ गेमसोबत दोन एक्सपान्शनही (नंतर आलेले मोठे जोड-भाग) त्यात येतात आणि मुदत काहीच नाही. कथा इतकी सुंदर आहे की कादंबरी वाचल्यासारखं वाटतं. मासेमारी, सुतारकाम, स्वयंपाक, सगळं एकाच पात्राला शिकता येतं.

निवांत

सांगलीकरीणताई, तुमचा मार्चअखेरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पर्धा न करणाऱ्या माणसाने गेम निवडताना आधी एवढंच बघावं, की दीड महिन्याने परत आल्यावर आपलं काय गेलेलं असेल. ग्राफिक्स, कथा, लढाईची मजा हे सगळं नंतर. पुष्कळ गेम असे रचलेले असतात की दर काही महिन्यांनी नवा सीझन येतो, जुनी शस्त्रं-चिलखतं निकामी होतात, आणि मधे खंड पडलेला माणूस बरोबरच्यांपेक्षा मागे पडतो. मग तो आनंदासाठी न खेळता बरोबरी गाठण्यासाठी खेळायला लागतो. तुम्हाला स्पर्धा नको असली तरी असा गेम तुम्हाला स्पर्धेत ओढतोच.

या कसोटीवर माझं मत गिल्ड वॉर्स २ ला. २०१२ साली आला तेव्हा सर्वांत वरची लेव्हल ८० होती, आजही ८०च आहे. एवढी एक्सपान्शन आली, पण मर्यादा वाढवली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी सामानाचा जो सगळ्यात वरचा दर्जा आला, त्याचे आकडे अजूनही वरचेच आहेत. एप्रिलमध्ये परत आलात तरी तुमची ढाल-तलवार तितकीच उपयोगाची. दरमहा पैसे नाहीत, आणि मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे. एक्सपान्शन हवं असेल तेव्हा एकदाच विकत घ्यायचं.

दुसरी गोष्ट, आणि ती तुम्हा दोघींसाठी फार मोलाची आहे. इथे दुसरा खेळाडू शेजारी आला की आनंद होतो. राक्षसाला दोघांनी मारलं तर दोघांनाही आपापलं बक्षीस मिळतं, कुणी कुणाच्या तोंडचा घास काढत नाही. लोखंडाची खाण किंवा लाकडाचं झाड प्रत्येकासाठी वेगळं मोजलं जातं, तुम्ही तोडलंत म्हणून बहिणीचं कमी होत नाही. कुणी जमिनीवर पडला तर जाणारा-येणारा कोणीही त्याला उठवू शकतो, आणि लोक खरंच थांबून उठवतात. खेळाडूंची आपसातली लढाई वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. तिकडे पाऊलच टाकलं नाही तर उघड्या जगात कुणीही तुम्हाला हात लावू शकत नाही.

शिवाय तुमची लेव्हल कितीही वाढली तरी सुरुवातीच्या भागात गेलात की गेम तुमची ताकद त्या भागाइतकी खाली आणतो. एकीला वेळ जास्त मिळाला आणि ती पुढे गेली, तरी दोघी एकत्र खेळू शकता. जोडीने खेळणाऱ्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं, आणि इथे ते अडत नाही.

रातराणी

निवांत, फायनल फँटसीवर अन्याय होतोय. त्या गेमचा निर्माता नाओकी योशिदा स्वतः जाहीरपणे म्हणत आलाय की कंटाळा आला तर थांबा, दुसरे गेम खेळा, नवा भाग आला की परत या. आणि परत आल्यावर नव्या चिलखतापर्यंत पोचायला फार दिवस लागत नाहीत. कथेतल्या डन्जनमध्ये (गटाने पार करायच्या मोहिमेत) अनोळखी लोकांबरोबर जायची भीती वाटत असेल तर गेममधलीच पात्रं सोबतीला घेऊन जाता येतं. घाई करणारं कुणी नाही, वाटेत थांबून चित्रं बघा, काही बिघडत नाही.

निवांत

रातराणी, कथेच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. एकटीने खेळायचं असतं तर मीही तेच सुचवलं असतं. पण ताईंच्या बाबतीत तीन अडचणी दिसतात.

ट्रायल खात्यावरून पार्टी, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट, तयार करता येत नाही, दुसऱ्याने बोलावलं तर सामील होता येतं. दोघीही ट्रायलवर असतील तर कोण कुणाला बोलावणार? म्हणजे एकीला तरी महिन्याचे पैसे सुरू करावे लागणार, आणि एकदा पैसे भरले की ते खातं पुन्हा ट्रायलवर येत नाही. दुसरं, २०२४ मध्ये ग्राफिक्स सुधारल्यापासून ते कमीत कमी जीटीएक्स ९७० च्या तोडीचं कार्ड मागतात. ताईंच्या लॅपटॉपला ते झेपणार नाही. तिसरं म्हणजे घर. तिथे जमिनीचे प्लॉट मोजकेच आहेत, आणि मालक ४५ दिवस घरात फिरकला नाही तर घर पाडलं जातं. फ्लॅट घेतला तर तो पडत नाही, पण अंगणवालं घर हवं असणाऱ्याला मार्चअखेर जड जाणार.

रातराणी

पार्टीचा मुद्दा बरोबर आहे. मी एकटीच खेळते, त्यामुळे त्याचा कधी विचारच करावा लागला नाही. ताई, कधी चांगला पीसी घेतलात तर मात्र हा गेम सोडू नका. सुरुवातीचे काही तास संथ आहेत, तेवढे धीराने काढा.

बापू_नागपूर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं नाव कोणीच नाही घेतलं म्हणून लिहून राहिलो. २००४ पासूनचा गेम आहे, आणि आता एकट्या माणसाचीही चांगली सोय केली आहे. २०२४ च्या सुरुवातीपासून संगणकाच्या साथीदारांना घेऊन डन्जन करता येतात. वॉर मोड (खेळाडूंनी एकमेकांशी लढायची सोय) बंद ठेवला की कोणी त्रास देत नाही. लेव्हल २० पर्यंत फुकट. त्याच्या पुढे मात्र महिन्याचे पैसे लागतात, आणि सीझनचं जे निवांतभाऊंनी लिहिलं ते इथे लागू पडतंच. ताईंच्या अटीत बसत नाही हे कबूल, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

कोकणचा_वाटसरू

मी एक वेगळंच नाव घेतो: लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन. २००७ चा गेम, दिसायला जुना, पण जुन्या लॅपटॉपवर सुरळीत चालतो आणि मुलूख बघायचा तर याच्यासारखा दुसरा नाही. २०२२ मध्ये त्यांनी जुन्या भागातला बराच मजकूर फुकट केला, त्यामुळे पैसे न भरता कितीतरी महिने पुरेल.

शायरमध्ये, म्हणजे हॉबिट लोकांच्या गावात, एक काम आहे: ताजा पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) एका घरातून दुसऱ्या घरी पोचवायचा. वाटेत खादाड हॉबिट उभे असतात, त्यांच्या जवळून गेलात की वास लागतो आणि काम फसतं. म्हणून शेताच्या कडेने, कुंपणाआडून, ओढा ओलांडून जायचं. टपाल पोचवायचं कामही असंच, तिथे भोचक हॉबिट टपून बसलेले. तलवार म्यानातून काढायची गरज नाही, आणि अख्खी संध्याकाळ कशी जाते कळत नाही.

आणि संगीत! ल्यूट, बासरी, ड्रम ही वाद्यं खरोखर वाजवता येतात, कीबोर्डवर एकेक सूर दाबून. लोकांनी त्यात वाद्यवृंद उभे केलेत. चौकात कुणी वाजवत असेल तर बाकीचे भोवती बसून ऐकतात. बहिणी-बहिणी मिळून वाजवायचं ठरवलंत तर एक वेगळाच छंद लागेल. एक्सपान्शन आणि पॉइंट यांचा हिशोब मात्र नव्या माणसाला किचकट वाटतो. सुरुवातीला दुकानाच्या खिडकीकडे बघूच नका.

रात्रपाळी

लॅपटॉप उघडायला वेळच मिळत नसेल तर ओल्ड स्कूल रूनस्केप फोनवर चालतो. तेच खातं, तेच पात्र संगणकावरही. २००७ मधली आवृत्ती २०१३ साली पुन्हा सुरू केली, २०१८ पासून मोबाइलवर आहे. चित्रं अगदी ठोकळेबाज, पण नदीकाठी पात्राला उभं करायचं, पिसं वापरून ट्राउट पकडायचे, शेजारच्या जाळावर भाजायचे, आणि मधल्या वेळात बहिणीशी गप्पा. दोन्ही हातांची धावपळ नाही. काही भाग पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव आहे, पण फुकटातही पुष्कळ आहे. उत्तरेकडच्या विल्डरनेस नावाच्या पट्ट्यात मात्र जायचं नाही, तिथे इतर खेळाडू मारून सामान नेतात.

सांगलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढी आपुलकीने उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. हॉबिटांच्या पायचं बहिणीला वाचून दाखवलं, ती तर लगेच तयार झाली. पण निवांत यांनी लिहिलेलं दोघींनाही जास्त पटलं, विशेषतः पुढे-मागे झालं तरी एकत्र राहता येतं हे.

आता काही शंका. गिल्ड वॉर्स २ चे सर्व्हर भारतात आहेत का? माझ्या लॅपटॉपवर नक्की चालेल का? आणि गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या मंडळात, जावंच लागतं का? ऑफिससारखी हजेरी द्यायची असेल तर नको.

निवांत

भारतात नाहीत. उत्तर अमेरिका आणि युरोप असे दोन विभाग आहेत, आणि दोघींनी एकच विभाग निवडणं आवश्यक आहे, नाहीतर भेटताच येणार नाही. तुम्ही युरोप घ्या. बहिणीला जवळ पडतो, आणि आपल्यालाही अमेरिकेपेक्षा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) बराच कमी लागतो. स्पर्धा खेळणाऱ्याला तेवढाही विलंब खटकेल, पण तुम्हाला फक्त वार चुकवताना अर्धा क्षण आधी हलायची सवय लावावी लागेल. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात सहा, हिवाळ्यात पाच. युरोपातली मंडळी ऑफिसातून घरी येऊन खेळायला बसतात ती हीच वेळ, त्यामुळे जग रिकामं वाटणार नाही.

लॅपटॉपवर ग्राफिक्स कमीवर ठेवलं तर चालेल. मोठ्या राक्षसापाशी गर्दी झाली की अडखळेल. त्यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये कॅरेक्टर मॉडेल लिमिट अगदी खाली ओढा, म्हणजे आजूबाजूचे सगळे लोक पडद्यावर दाखवले जात नाहीत आणि लॅपटॉपवरचा भार उतरतो. डाउनलोड ५० जीबीच्या वर आहे, पण सगळं उतरायची वाट बघावी लागत नाही, ठरावीक टप्प्यानंतर खेळायला सुरुवात करता येते आणि बाकीचं मागे उतरत राहतं. डिस्कवर जागा मात्र आधीच मोकळी करून ठेवा.

गिल्ड सक्तीचा नाही. दोघींची पार्टी पुरेशी आहे.

रात्रपाळी

गिल्डबद्दल एक भर घालतो. पुढे कधी शिरावंसं वाटलं तर शिरायच्या आधी सरळ विचारा की महिनाभर आलो नाही तर काढणार का, आणि व्हॉइस चॅटवर बोलावंच लागतं का. चांगले गिल्ड दोन्हीला नाही म्हणतात. पहिल्याच निरोपात हजेरीचे नियम पाठवणाऱ्या गिल्डला नम्रपणे नकार द्या.

बापू_नागपूर

आणि ताई, कुठल्याही गेमच्या दुकानात सवलतीचा काटा उलटा फिरताना दिसला तर त्या दिवशी काहीच घेऊ नका. आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या-चाव्यांच्या सोडतीत तर एक रुपया घालू नका.

सांगलीकरीण

बापू, लक्षात ठेवते. शेवटचा प्रश्न: स्टीमवरून (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेऊ की गिल्ड वॉर्सच्या साइटवरून? आणि पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींना सापडणार कशा?

निवांत

स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआय चालतं, म्हणून आपल्याकडच्यांना ते सोयीचं. फक्त हे आधी ठरवा: स्टीमवर उघडलेलं खातं आणि साइटवर उघडलेलं खातं पुढे एकत्र जोडता येत नाही, आणि स्टीमच्या खात्याची एक्सपान्शन स्टीमवरच घ्यावी लागतात. बहिणीने साइटवरून घेतलं आणि तुम्ही स्टीमवरून, तरी एकत्र खेळायला अडचण नाही, सर्व्हर तेच. सुरुवातीला दोघीही फुकटच खेळा. फुकट खात्यावर बाजारातल्या देवाणघेवाणीवर आणि गप्पांवर काही बंधनं असतात, पण पार्टीत राहून बोलता येतं.

पात्र बनवताना दोघींनी मानव वंश निवडा. प्रत्येक वंशाची सुरुवात वेगळ्या भागात होते, वंश वेगळे घेतलेत तर पहिल्याच संध्याकाळी एकमेकींना शोधत बसाल. मानवांची सुरुवात क्वीन्सडेलमध्ये. तिथे डाया नावाच्या शेतकरीणबाईचं शेत लागेल. मक्याला पाणी घाला, गुरांना चारा द्या, जमिनीतून वर येणाऱ्या अळ्यांची बिळं पायाने दाबा. एवढ्यात गेमची सगळी बटणं हाताला बसतात. त्याच भागातल्या दलदलीत दर दोन तासांनी शॅडो बेहेमॉथ नावाचा अजस्र राक्षस उठतो, आपल्या वेळेनुसार रात्री सव्वानऊ आणि सव्वाअकराला. नवखे, जुने सगळे धावत येतात. लेव्हल कमी असली तरी जा, मागे उभं राहून बाण मारा, बक्षीस मिळतंच.

एकमेकींना मित्रयादीत घालून पार्टीत बोलवा. एकाच गावात असूनही बहीण दिसली नाही, तर घाबरू नका. गर्दी झाली की गेम त्याच नकाशाच्या अनेक प्रती उघडतो आणि तुम्ही वेगवेगळ्या प्रतींत पडलेल्या असता. पार्टीच्या यादीत तिच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा, तिच्याकडे जायचा पर्याय येईल, तो निवडला की तुम्ही तिच्या प्रतीत पोचता.